रसायनशास्त्रात राहावं असं काय आहे?

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने विचारलं आहे: "मला रसायनशास्त्र आवडतं. पण घरी सगळे म्हणतात, त्यात आयुष्यभर वासात उभं राहायचं, पगार बेताचा, आणि पुढेमागे सगळं कॉम्प्युटरच करणार. तुम्ही इतकी वर्षं यात काढलीत, तर तुम्हाला काय मिळालं? आणि पदवीनंतर लगेच पुढे शिकावं की आधी नोकरी करावी?"

अरे, तू माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणून एकेरीत लिहिते. मला या कामात २७ वर्षं झाली. पहिली ८ संश्लेषणाच्या लॅबमध्ये गेली, म्हणजे रेणू बनवण्यात. उरलेली विश्लेषणात, म्हणजे दुसऱ्यांनी जे बनवलं त्यात नेमकं काय काय आहे ते शोधण्यात. तुझ्या घरचे म्हणतात त्यातलं निम्मं खरं आहे. वास असतो. पिरिडीन हाताळलं त्या दिवशी घरी गेले की मुलगा दारातूनच विचारायचा, "आज काय सांडलंस?" आता फ्यूम हूड, म्हणजे लॅबमधली वाफा ओढून घेणारी कपाटं, बरी असतात, नाकाचे हाल पूर्वीइतके होत नाहीत. पगाराचं पुढे सांगते.

काय मिळालं हे सांगण्यासाठी तुला एका पिकाची गोष्ट सांगावी लागेल. शेतातल्या नव्हे, ग्राफवरच्या.

एचपीएलसी तू कॉलेजात लांबून पाहिलं असशील. नमुना द्रवाबरोबर एका अरुंद नळीतून दाबाने ढकलायचा. नळीत बारीक पावडर ठासून भरलेली असते. नमुन्यातला प्रत्येक घटक त्या पावडरीला कमी-जास्त चिकटतो आणि आपापल्या वेळेला बाहेर पडतो. तो बाहेर पडला की ग्राफवर एक टोक उमटतं, त्याला पीक म्हणतात. आम्ही एका औषधाचा मूळ घटक बनवत होतो. आमचा रेणू १२ व्या मिनिटाला यायचा, त्याचे ओळखीचे भाऊबंद त्याच्या आगेमागे. एके दिवशी ३१ व्या मिनिटाला एक ठेंगणं पीक दिसलं. ०.१२ टक्के. औषधांच्या बाबतीत बहुधा ०.१० टक्क्यांच्या वर काही दिसलं, तर ते काय आहे हे सांगावंच लागतं. बॅच थांबली.

मागच्या बॅचेस काढून पाहिल्या. ११ पैकी ४ मध्ये ते पीक होतं, ७ मध्ये नव्हतं. कच्च्या मालाचे लॉट ताडून पाहिले, रिअॅक्टर, म्हणजे अभिक्रियेचं मोठं भांडं, पाहिला, शिफ्ट पाहिली, तापमानाच्या नोंदी पाहिल्या. कशाचाच मेळ बसेना. मी कागदावर अभिक्रिया मांडत बसले: इथे पाणी शिरलं तर हे होईल, तिथे जास्त तापलं तर ते होईल. पंधरा-वीस काल्पनिक अशुद्धी काढल्या असतील, एकही जमेना. यंत्राचाच दोष असेल म्हणून नुसतं सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारा द्रव, सोडून पाहिलं, तर ग्राफ स्वच्छ. म्हणजे जे काही होतं ते नमुन्यातच होतं.

तीन आठवड्यांनी एक साधी गोष्ट डोक्यात आली, आणि ती आधी का आली नाही याची अजून लाज वाटते. इतक्या उशिरा बाहेर येणारी वस्तू तेलकट स्वभावाची असणार. आमच्या रेणूपासून काही झालं तरी इतकं तेलकट काही निघण्यासारखं नव्हतं. म्हणजे हा घरातला नाही, बाहेरचा पाहुणा आहे. तो नमुना जीसी-मासवर चढवला. तिथे रेणूचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचं वस्तुमान मोजलं जातं. सगळ्यात उंच रेघ १४९ वर आली. जीसी-मासवर चार वर्षं काढलेल्या कुणालाही १४९ पाहिलं की कपाळाला हात लावावासा वाटतो. ती थॅलेटची खूण. थॅलेट म्हणजे प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घालतात ते द्रव्य. आमचं सॉल्व्हंट होतं टोल्यूइन.

आता कागदोपत्री आमच्या प्लांटमध्ये सॉल्व्हंटला स्टील आणि टेफ्लॉनखेरीज काही शिवत नव्हतं. मी खाली गेले आणि तिथल्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरना विचारलं, "काका, टोल्यूइन भरताना मधे कुठे प्लॅस्टिकची नळी लावता का?" म्हणाले, "छे, कुठली नळी." मग जरा थांबून, "पंप बंद पडला की लावतो तेवढ्यापुरती." रिअॅक्टरच्या मागे खुंटीला ती पारदर्शक नळी गुंडाळून टांगलेली होती. टोल्यूइन तिच्यातून जाताना थॅलेट धुऊन नेत होतं. पंपाच्या दुरुस्तीचं रजिस्टर मागवलं. पंप ४ वेळा बंद पडला होता, आणि त्याच ४ बॅचेस.

त्या दिवशी संध्याकाळी मी प्लांटच्या जिन्यावर एकटीच दहा मिनिटं बसून होते. पगारवाढीच्या पत्राने असं कधी झालं नाही. काय मिळालं असं विचारतोस ना, तर हे. "हे आलं कुठून?" असा प्रश्न पडतो आणि त्याला हातात धरता येईल असं उत्तर सापडतं. आमचं उत्तर दोन मीटर लांबीची नळी होती.

आता वाटेल, हे कारकुनी काम झालं, यात विज्ञान कुठे? तर अमेरिकेतले भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटर्सन यांचं काम वाच. पृथ्वीचं वय काढायला उल्केतल्या शिशाची समस्थानिकं, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू, मोजायची होती. पण मोजमापात शिसं सारखं जास्तच यायचं. हवेतून, भांड्यांतून, अॅसिडातून, माणसांच्या कपड्यांतून, सगळीकडून. नमुना न घालता केलेल्या मोजणीला आम्ही ब्लँक म्हणतो. आमच्या भाषेत, ब्लँकच घाण. दुसरा कुणी वैतागून सोडून गेला असता. त्यांनी लॅब घासून काढली, काच अॅसिडात उकळली, हवा गाळून घेतली, आणि १९५६ मध्ये ४५५ कोटी वर्षं हा आकडा छापला. तो आजही जवळपास तसाच उभा आहे. पण मला त्याहून आवडतं ते पुढचं. ब्लँकमध्ये इतकं शिसं येतं तरी कुठून, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. समुद्राचं पाणी तपासलं, तर वरच्या थरात खोल पाण्यापेक्षा शिसं जास्त. म्हणजे ते वरून पडतंय, आणि अलीकडेच पडायला लागलंय. ग्रीनलंडच्या बर्फानेही तेच सांगितलं. बोट गेलं ते पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या टेट्राएथिल लेडकडे. उद्योगाचा रोष ओढवून घेऊन ते वर्षानुवर्षं हे सांगत राहिले. गाड्यांच्या पेट्रोलमधलं शिसं जगभरातून पुरतं हद्दपार व्हायला २०२१ साल उजाडलं. एका माणसाच्या ब्लँकमधली घाण जगाच्या हवेतली घाण निघाली.

आणि ते शिसं पेट्रोलमध्ये घातलं कुणी? इंजिनातला ठोका थांबवायला ते मिश्रण १९२१ मध्ये शोधून काढलं थॉमस मिजली यांनी. तेही याच धंद्यातले, हुशार आणि चिकाटीचे. पुढे फ्रिजसाठीचे क्लोरोफ्लुरोकार्बनही त्यांच्याच टेबलावर झाले. ते वायू ओझोनचा थर खातात हे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं, त्यावर १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि १९९५ मध्ये दोघांना क्रुट्झन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. घाण करणारेही केमिस्ट आणि ती शोधणारेही केमिस्ट. या क्षेत्रात आलास तर हे दोन्ही तुझ्या खानदानात आहेत असं धरून चाल. जर्मन केमिस्ट फ्रिट्झ हाबर यांचंही तसंच. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करण्याची त्यांची रीत नसती, तर आजच्या जवळजवळ निम्म्या माणसांना पुरेल इतकं धान्य पिकलं नसतं असा अंदाज आहे. आणि १९१५ मध्ये युद्धात क्लोरीन सोडण्याचं कामही त्यांनीच पुढे होऊन केलं. यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. आपण बनवतो ती वस्तू पुढे जाऊन काय करते हे विचारणं आपल्या कामात मोडतं, एवढंच मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

हे झालं डोक्याचं. पण रसायनशास्त्र मला धरून ठेवतं ते हातामुळे. तू टायट्रेशन केलं असशील, म्हणजे अॅसिडात मोजून मोजून अल्कली घालत, दोन्ही कधी जुळतात ते रंगावरून ओळखणं. शेवटी शेवटी ब्युरेटच्या, म्हणजे खुणा असलेल्या उभ्या काचनळीच्या, तोटीला अर्धा थेंब लोंबकळत ठेवायचा आणि फ्लास्कच्या काचेला टेकवून आत धुवायचा. फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा रंग आला की नाही अशी शंका यावी इतका फिका गुलाबी हवा. गडद गुलाबी झाला की समज, पुढे गेलास. आणि तो फिका रंगही थोड्या वेळाने उडतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून अल्कली खातो. नव्या पोरांना वाटतं आपलंच चुकलं, आणि ते आणखी एक थेंब टाकतात.

त्याहून गोड काम स्फटिकांचं. गरम द्रावण सावकाश थंड होत असतं, तू बघत बसलेला असतोस, आणि काहीच होत नाही. तासभर काही नाही. मग काचेच्या दांडीने फ्लास्कच्या आतल्या बाजूला ओरखडा काढायचा, किंवा जुन्या बॅचमधला एखादा कण टाकायचा. त्या ओरखड्यापाशी एक सुई उगवते, तिला दुसरी फुटते, आणि दोन मिनिटांत सगळा फ्लास्क भरून जातो. शेकडो वेळा पाहिलंय, तरी त्या वेळी कुणी हाक मारली तर मी वळून बघत नाही.

याच स्फटिकांनी भल्याभल्यांना रडवलंही आहे. रिटोनाविर हे एचआयव्हीवरचं औषध १९९६ मध्ये बाजारात आलं. दोन वर्षं सुरळीत चाललं आणि १९९८ मध्ये कॅप्सूल नीट विरघळेनात. रेणू तोच, शुद्धता तीच, पण त्याचा एक नवा, जास्त स्थिर स्फटिक कुठूनसा उगवला होता आणि तो फारच कमी विरघळायचा. एकदा तो आला, की जुना प्रकार पुन्हा मिळणं मुश्किल झालं. त्या कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या आणि औषध नव्या रूपात बसवावं लागलं. कुणाची चूक म्हणावी? पदार्थाने आपला एक पत्ता तोवर उघडलाच नव्हता.

मोठ्या प्रमाणावर माल करताना असे पत्ते जास्त उघडतात. १ लिटरच्या फ्लास्कमध्ये जे गुणी बाळासारखं वागतं, ते १००० लिटरच्या रिअॅक्टरमध्ये अंगावर येऊ शकतं. हिशोब सोपा आहे: आकारमान हजारपट झालं, तरी बाहेरचा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. म्हणजे उष्णता तयार होते हजारपट आणि ती बाहेर पडायची वाट शंभरपट. म्हणून फ्लास्कमध्ये २० मिनिटांत घातलेलं द्रव्य प्लांटमध्ये सहा-सहा तास थेंबाथेंबाने घालावं लागतं. त्या हिशोबाचा ज्याने कंटाळा केला, त्याच्याकडच्या स्फोटांच्या हकिकती आम्ही नव्या माणसांना पहिल्याच आठवड्यात ऐकवतो.

धोक्याचं लपवत नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातल्या केरन वेटरहान या विषारी धातूंच्याच अभ्यासक. १९९६ च्या ऑगस्टमध्ये हूडखाली, हातमोजे घालून काम करताना डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या विषारी संयुगाचे काही थेंब मोज्यावर पडले. ते द्रव्य लॅटेक्सच्या मोज्यातून काही सेकंदांत पार होतं हे तेव्हा माहीत नव्हतं. काही महिने काहीच झालं नाही. मग तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं, आणि १९९७ च्या जूनमध्ये त्या गेल्या. त्यांनी नियम मोडला नव्हता. त्यानंतर नियमच बदलले. मोजा कशाचा आणि कोणत्या द्रव्यासाठी, हे विचारल्याशिवाय मी आजही बाटलीला हात लावत नाही आणि हाताखालच्यांना लावू देत नाही. त्यावरून मला मागून बरीच नावं ठेवतात, ठेवोत.

योगायोगाने लागलेल्या शोधांच्या गोष्टी तुला ऐकवतील, त्या जरा चाळणीतून गाळून घे. ड्यूपाँटमध्ये रॉय प्लंकेट यांनी १९३८ मध्ये वायूचा एक सिलिंडर उघडला, तर आतून काही येईना. रिकामा म्हणून बाजूला टाकता आला असता. पण वजन केलं तर सिलिंडर भरलेलाच. मग तो करवतीने कापला आणि आत पांढरी, मेणासारखी भुकटी निघाली. ते टेफ्लॉन. यातला योगायोग अर्धाच. उरलेला अर्धा म्हणजे सिलिंडर वजनकाट्यावर ठेवण्याची सवय. जपानच्या शिमाझू कंपनीतले कोइची तानाका मला आणखी जवळचे वाटतात. शिक्षण विद्युत अभियांत्रिकीचं, डॉक्टरेट नाही, कंपनीतले साधे संशोधक. १९८५ मध्ये धातूच्या बारीक भुकटीत चुकून ग्लिसरीन मिसळलं. टाकून कशाला द्यायचं म्हणून तेच वापरलं, आणि लेझरखाली प्रथिनांसारखे अवजड रेणू न तुटता मोजायची वाट सापडली. २००२ चं नोबेल. मात्र यावरून मिश्रणं चुकवायला लागू नकोस.

आता पैसा. सुरुवातीचा पगार तुझ्या सॉफ्टवेअरमधल्या मित्रापेक्षा बहुतेक कमीच असेल, आणि त्याने गाडी घेतली त्या दिवशी तो बोचेल. मलाही बोचला. संशोधनात स्वतःचा गट हवा असेल, तर पदवीनंतर पीएच.डी.पर्यंत बरीच वर्षं जातात आणि त्या काळात हात आखडताच असतो. पण दहाएक वर्षांनी चित्र पालटतं. ज्याला बॅच का बिघडली हे सांगता येतं, त्याला कुणी सोडत नाही. आणि दारं बरीच असतात. माझ्या बरोबरीची एक पेटंटच्या कामात गेली, एक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आहे, एकजण रंगांच्या कारखान्यात, एकजण बॅटऱ्यांत, दोघं शिकवतात. एकच पदवी, आणि कुणाचं काम दुसऱ्यासारखं नाही. श्रेयाच्या बाबतीत मात्र कातडी जाड ठेव. माझ्या पहिल्या नोकरीत एका पेटंटवरून माझं नाव गळलं, ते अजून विसरलेले नाही. तेव्हापासून लॉगबुकात तारीख, वेळ आणि सही न चुकता घालते.

कॉम्प्युटर सगळं करेल का? बरंच करेल, आणि करू दे. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रथिनांच्या रचनेसाठी मिळालं. त्यातले हसाबिस आणि जम्पर यांनी प्रथिनाची घडी कशी पडेल हे कॉम्प्युटरकडून सांगून घेतलं. यातल्या जम्पर यांची पीएच.डी. सैद्धांतिक रसायनशास्त्रातली आहे हे घरच्यांना सांग. म्हणून कोडिंग थोडं शीक, टाळू नकोस. पण ती नळी आठव. कॉम्प्युटरला आमची सगळी रजिस्टरं दिली असती, तरी त्याला ती सापडली नसती, कारण ती कुठे लिहिलेलीच नव्हती. ती खुंटीला टांगलेली होती.

हे क्षेत्र कुणासाठी नाही तेही सांगते. ज्याला आज केलेल्या कामाचं फळ आजच हवं असतं तो खूश राहणार नाही. संश्लेषणात दहापैकी सात प्रयोग फसतात, हा माझा स्वतःच्या वह्यांवरून काढलेला आकडा. क्वालिटी कंट्रोलमध्ये तोच नमुना, तीच पद्धत, दिवसाला वीस वेळा. तो कंटाळा खरा असतो. ज्याला त्या विसाव्यात काहीतरी वेगळं दिसतं, तो टिकतो. बाकीचे दोन-तीन वर्षांत दुसरीकडे जातात आणि तिथे सुखाने राहतात, त्यात कमीपणा काही नाही.

तुझा शेवटचा प्रश्न. शिकवण्यात किंवा मूलभूत संशोधनात जायचं नक्की असेल, तर मधे थांबू नकोस, सलग शीक. नक्की नसेल तर दीड-दोन वर्षं नोकरी कर आणि मग पुढे शिकायला जा. हातात काम आल्यावर पुस्तकातली प्रकरणं वेगळी वाचली जातात, स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने पदार्थ ओळखणं, तर फारच. नोकरीच्या मुलाखतीत ते "काही विचारायचं आहे का?" म्हणतील, तेव्हा सुट्ट्यांचं नंतर विचार. आधी हे विचार: बॅच बिघडली, तर तुमच्याकडे केमिस्ट खाली प्लांटमध्ये जातो, की रिपोर्टवर सही करून वर पाठवतो? जिथे खाली जाऊ देतात, ती नोकरी घे. पगार थोडा कमी असला तरी.